न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

सातारा शहराजवळ कृष्णा आणि वेण्णा या दोन नद्यांचा संगम आहे. त्या संगमाच्या काठी माहुली नावाचे क्षेत्र वसले आहे. इ. स. १७२० च्या सुमारास तेथील प्रभुणे घराण्यात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव राम. पित्याचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे तो चुलत्यांच्या आश्रयाने वाढला. विद्येकडे त्याचे लक्ष नव्हते. ज्या वयात इतर मुले पाठांतर संपवून पुढील शास्त्रे शिकू लागतात, त्या वयात राम साताऱ्याच्या अनगळ नावाच्या सावकाराच्या वाड्यात शागीर्द म्हणून राहिला. पाणी भरावे, धोतरे धुवावी, धनी बाहेरून आले म्हणजे त्यांच्या पायांवर पाणी घालावे, अशी कामे तो करीत असे.

एके दिवशी पाणी घालता घालता रामची दृष्टी सावकाराच्या अंगावरील मोत्यांच्या अलंकाराकडे गेली आणि पाण्याची धार भलतीकडेच पडू लागली, असे सांगतात. सावकाराने त्याला खडसावले. असे अलंकार विद्येने किंवा तलवारीने मिळवावे लागतात, शागिर्दाने त्यांच्याकडे पाहून काय होणार, अशा अर्थाचे त्याचे शब्द होते. रामने उलट उत्तर दिले नाही. त्याने नोकरी सोडली आणि काशीची वाट धरली. त्या काळी माहुलीहून काशीस जाणे म्हणजे महिनोन् महिने पायपीट करणे होय. आगगाडी नव्हती, पदरी पैसा नव्हता आणि वय विशीच्या घरात पोहोचले होते.

काशीस त्याने सुमारे बारा वर्षे अध्ययन केले, अशी परंपरा आहे. उशिरा शिकू लागलेला विद्यार्थी बहुधा दोन प्रकारचा असतो. एक लाजेने मागे राहतो. दुसरा गेलेला वेळ भरून काढण्यासाठी रात्रीचा दिवस करतो. राम हा दुसऱ्या प्रकारचा होता. धर्मशास्त्र हा त्याचा मुख्य विषय. धर्मशास्त्र म्हणजे केवळ पूजाअर्चा आणि व्रतवैकल्ये असे कोणी समजू नये. कर्ज कसे फेडावे, ठेव बुडाली तर जबाबदारी कोणाची, भावाभावांत वाटणी कशी करावी, दोन शेतांमधील बांधाचा तंटा कसा तोडावा, साक्षीदार कोणता विश्वासार्ह मानावा, या सर्वांचा विचार त्या ग्रंथांत केलेला आहे. न्यायदान करणाऱ्या माणसाची शिदोरी ती हीच.

इ. स. १७५१ मध्ये रामशास्त्री पुण्यास पेशव्यांच्या पदरी शास्त्रीमंडळात दाखल झाले. तेथील आठ वर्षांकडे चरित्रकार फारसे लक्ष देत नाहीत. मला मात्र ती फार मोलाची वाटतात. ग्रंथांतील नियम आणि समोर हात जोडून उभा असलेला रडवेला वादी यांच्यामध्ये किती अंतर असते, हे पुस्तकातून कळत नाही. वडीलधाऱ्या पंडितांच्या सान्निध्यात, एकामागून एक तंटे पाहतच ते कळते. आज आपल्या राज्यात नव्याने नेमलेल्या न्यायाधीशांना ठाणे जिल्ह्यातील उत्तन येथील न्यायिक अकादमीत प्रशिक्षण मिळते. रामशास्त्र्यांची अकादमी म्हणजे ते शास्त्रीमंडळ होय. इ. स. १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीशाचे पद त्यांच्याकडे आले.

त्या काळचा न्याय कसा चाले, हे थोडे पाहू या. वादी आणि प्रतिवादी आपापली हकिगत लेखी देत. तिला तक्रीर म्हणत. मग दोघेही राजीनामा लिहून देत. मुलांनो, हा शब्द वाचून तुम्हांला नवल वाटेल. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या काळी त्याचा अर्थ, जो निवाडा होईल तो आम्ही राजीखुशीने मान्य करू, असे लिहून देणे. त्यानंतर जामीन, कागदपत्रे, साक्षी आणि शपथा होत. पुष्कळदा तंटा पंचायतीकडे सोपविला जाई. शेवटी सर्व पुराव्याचा सारांश काढून निवाडपत्र दिले जाई. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, अशी रीत होती. ही पद्धत निर्दोष नव्हती. तिच्यापुढे सर्व जाती समान नव्हत्या, स्त्रीपुरुष समान नव्हते. परंतु जो नियम आहे तो गरिबाला एक आणि सरदाराला दुसरा असा लागू नये, हा रामशास्त्र्यांचा कटाक्ष होता. साताऱ्यास कारभार केलेल्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने इ. स. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात तो लिहितो की धनवान व अधिकारसंपन्न लोकांनी शास्त्रीबुवांना वश करण्याचे प्रयत्न केले, परंतु एकदा प्रयत्न करणाऱ्यास पुन्हा तसे करण्याचे धैर्य झाले नाही.

लाच नाकारणे त्या मानाने सोपे असते, कारण ती लाच आहे हे उघड दिसते. आप्तांच्या लोभातून वाट काढणे अधिक कठीण. पेशव्यांकडून श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई आणि हे कामही रामशास्त्र्यांकडे होते. एका वर्षी त्यांचे वडील बंधू दक्षिणेसाठी आले. नाना फडणीस शेजारी होते. शास्त्रीबुवांचे बंधू म्हणून त्यांना अधिक दक्षिणा द्यावी, असे नानांनी सुचविले. रामशास्त्र्यांनी ते मानले नाही. बंधूंची विद्या इतरांइतकीच आहे, तेव्हा सरकारातून त्यांना इतरांइतकेच मिळेल. भाऊ म्हणून जे करावयाचे ते मी आपल्या घरून करीन, असा त्यांचा अभिप्राय पडला. ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. इ. स. १९९७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या आचरणाचे काही दंडक लेखी स्वरूपात स्वीकारले. आपल्या कुटुंबातील माणसाचा किंवा मित्राचा संबंध असलेला खटला न्यायाधीशाने ऐकू नये, असा दंडक त्यांत आहे. रामशास्त्र्यांच्या काळी असा कागद कोणी लिहून ठेवला नव्हता.

पानिपतच्या आघातानंतर, इ. स. १७६१ मध्ये, सोळा वर्षांचे माधवराव पेशवे गादीवर आले. हा तरुण पेशवा कर्तबगार होता, तसाच धार्मिक वृत्तीचाही होता. काही काळ तो जपतपात इतका रमला की कामे खोळंबू लागली. एकदा शास्त्रीबुवा राजकार्यासाठी भेटीस गेले असता पेशवे ध्यानस्थ बसलेले त्यांना आढळले. ते न बोलता परतले आणि दुसऱ्या दिवशी काशीस जाण्याची परवानगी मागू लागले. कारण विचारता त्यांनी स्पष्ट सांगितले की जपच करावयाचा असेल तर श्रीमंतांनी राज्य सोडून आमच्याबरोबर गंगातीरी चलावे. गादीवर बसावयाचे असेल तर प्रजेचा सांभाळ हाच त्यांचा धर्म. माधवराव रागावले नाहीत. त्यांनी आपला क्रम बदलला. येथे थोडी स्तुती माधवरावांचीही करावयास हवी. कान देणारा धनी असला म्हणजे स्पष्ट बोलणे शोभून दिसते. धनी तसा नसेल तेव्हा काय होते, हे पुढे लवकरच दिसावयाचे होते.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव निवर्तले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. पुढल्या वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दिवसा शनिवारवाड्यात गारद्यांनी शिरून त्यांचा वध केला. नारायणराव अवघे अठरा वर्षांचे होते. प्राण वाचविण्यासाठी ते धावत चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे गेले. परंतु त्यांचे रक्षण झाले नाही. आणि पुतण्याच्या मागे पेशवेपद मिळाले ते याच रघुनाथरावांना.

शहर भयाने मुके झाले होते. सुमेरसिंग गारदी आणि त्याचे सोबती ज्यांच्या आश्रयाने वावरत, त्यांच्याविरुद्ध बोलणार कोण? अशा वेळी रामशास्त्र्यांनी चौकशी आरंभिली. कोणी ती करा म्हणून सांगितले नव्हते. पण पुण्यात खून झाला होता आणि पुण्याचा न्यायाधीश जागेवर होता. काही आठवडे त्यांनी साक्षी व कागद गोळा केले. सर्व धागे रघुनाथरावांपर्यंत येऊन पोहोचत होते. तेव्हा शास्त्रीबुवा थेट त्यांच्यासमोर गेले. पुतण्यास धरावे एवढीच आज्ञा आपण दिली होती, असे रघुनाथरावांनी कबूल केले. त्या आज्ञापत्रात धरावे याचे मारावे असे करण्यात आले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ध चा मा करणे हा वाक्प्रचार त्यातूनच आला. लोकांनी त्याचा दोष आनंदीबाईंच्या माथी मारला, पण तसा निर्णायक पुरावा नाही.

रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारले. त्यांना दानधर्म, तीर्थयात्रा किंवा काही व्रत अपेक्षित असावे. रामशास्त्र्यांनी सांगितले की या अपराधास देहान्त हेच प्रायश्चित्त आहे, दुसरे नाही.

तो प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहा. एका बाजूस राज्याचा स्वामी, सैन्य, खजिना, आणि ज्यांनी एका पेशव्यास ठार केले ते गारदी. दुसऱ्या बाजूस एकटा शास्त्री. इ. स. १९५० पासून अमलात असलेल्या आपल्या राज्यघटनेने उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांस संरक्षण दिले आहे. गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध झाल्यावाचून, आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने तसे ठरविल्यावाचून, त्यांना दूर करता येत नाही. रामशास्त्र्यांच्या पाठीशी असा एकही आधार नव्हता. त्यांचे पद, वेतन आणि प्राण ही तिन्ही समोर बसलेल्या माणसाच्या मुठीत होती.

त्या दिवसाने रघुनाथरावांना शिक्षा झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. निर्णय बजावण्याचे सामर्थ्य ज्याच्याकडे असते, तोच आरोपी असला म्हणजे न्यायाधीशाच्या हाती दोनच गोष्टी उरतात: खरे काय ते सांगणे आणि खोट्याच्या चाकरीत न राहणे. रामशास्त्र्यांनी दोन्ही केल्या. असा पेशवा गादीवर आहे तोवर पुण्यास पाय ठेवणार नाही, असे बजावून त्यांनी पदाचा त्याग केला व ते वाईजवळच्या एका खेडेगावी जाऊन राहिले.

त्यांचे शब्द मात्र पुण्यात राहिले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी कारभारी एकत्र आले. हेच ते बारभाई. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला आणि त्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू झाला. कारभाऱ्यांनी रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलाविले. ते आले आणि पुन्हा त्याच आसनावर बसून सावकारांचे, कुळांचे, भाऊबंदांचे तंटे तोडू लागले. इ. स. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. राज्याचे मुख्य न्यायाधीश असूनही, त्या दिवसास पुरेल त्याहून अधिक सामग्री ते घरात ठेवीत नसत, अशी नोंद ग्रँट डफने केली आहे.