अहिल्याबाई आणि महेश्वरचे माग

परळीच्या वैद्यनाथाचे दर्शन घेऊन आलेल्या आपल्या भगिनींना अहिल्याबाई होळकरांचे नाव नव्याने सांगायला नको. त्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. त्यांचे घाट, देवळे, धर्मशाळा आपण नेहमी आठवतो. मला मात्र त्यांच्या लुगड्यांविषयी लिहावेसे वाटते.

त्यांचे माहेर चौंडी, आपल्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या जामखेड तालुक्यात. १७२५ साली माणकोजी शिंद्यांच्या घरी त्या जन्मल्या आणि होळकरांच्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. बाई सती निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव यांनी त्यांना मागे फिरवले. १७६६ साली सासरे गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. मग दौलतीचा कारभार बाईंनी हाती घेतला व नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी केली.

राजधानी म्हणजे नुसता वाडा नव्हे, गावाला पोटापाण्याचा उद्योग हवा. बाईंनी बाहेरून कसबी विणकर आणून तेथे वसवले. पाहुण्यारावळ्यांना आहेर करायचा तो याच मागांवरच्या वस्त्रांचा. म्हणजे पहिले मोठे गिऱ्हाईक दरबारच! पहिल्या लुगड्याचा नमुना बाईंनी स्वतः बेतला, असेही सांगतात. आजच्या महेश्वरी साडीत उभे धागे बहुधा रेशमाचे व आडवे सुताचे असतात, त्यामुळे ती अंगावर हलकी वाटते आणि तरी झळकते. काठावर चटई, वीट, लहर अशी नक्षी. ती किल्ल्याच्या दगडी कोरीवकामावरून उचलली, असे मानतात. काठ दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने साडी उलटसुलट कशीही नेसावी. (घाईच्या वेळी ही केवढी सोय, हे बायकांनाच कळावे.)

बाई स्वतः विधवा. अंगावर साधे पांढरे वस्त्र. रंगीत काठापदराचे लुगडे त्या काळच्या रूढीने त्यांना वर्ज्य, आणि त्याच लुगड्यांसाठी त्यांनी माग बसवले. कुणी यात त्याग पाहील. मला त्यात राज्य चालवणाऱ्या बाईचा चोख हिशेब अधिक दिसतो.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या गेल्या. १८१८ मध्ये राजधानी इंदूरला हलली, पुढे गिरण्यांचे कापड आले आणि मागांना उतरती कळा लागली. १९७९ मध्ये रिचर्ड व सॅली होळकर यांनी तेथे रेहवा संस्था काढली आणि गावच्या बायकांना मागावर बसवले. किल्ल्याच्या आवारात त्या मागांचा खटखटाट अजून ऐकू येतो.