राक्षसाला शब्द देणारी मेरी

लंडनमध्ये सेंट पॅनक्रास नावाचे एक जुने चर्च आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तेथील कब्रस्तानात एक मुलगी पुस्तक घेऊन नेहमी येत असे. एका कबरीजवळ बसून ती वाचत असे. ती कबर तिच्या आईची होती. दगडावर आईचे नाव कोरलेले होते आणि तेच नाव मुलीचेही होते. त्या दगडावरची अक्षरे बोटाने गिरवीत ती वाचायला शिकली, असे सांगतात.

या मुलीचे नाव मेरी. तिचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी झाला. तिची आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट ही मोठी लेखिका होती. मुलींनाही मुलांसारखेच शिक्षण मिळाले पाहिजे, असे तिने १७९२ साली आपल्या ग्रंथात ठामपणे मांडले होते. परंतु मुलीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी ती तापाने वारली. वडील विल्यम गॉडविन हेही नामवंत लेखक होते. मेरी चार वर्षांची असताना त्यांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईशी मेरीचे कधी पटले नाही. तिला रीतसर शाळा फारशी मिळाली नाही. पण घरात ग्रंथ भरपूर होते आणि घरी येणारे पाहुणे विद्वान होते. त्यांचे बोलणे ऐकत ती मोठी झाली.

सोळाव्या वर्षी मेरीची पर्सी शेली या तरुण कवीशी ओळख झाली. पर्सी विवाहित होता. १८१४ साली मेरी त्याच्याबरोबर घर सोडून गेली. लोकांनी नावे ठेवली. वडिलांनीही तिच्याशी संबंध तोडले. पुढच्याच वर्षी तिला मुलगी झाली. ती अपुऱ्या दिवसांची होती. दोन आठवड्यांच्या आतच ती दगावली. त्यानंतर मेरीला एक स्वप्न पडले. बाळ मेलेले नाही, नुसते गारठले आहे. शेकोटीपाशी नेऊन अंग चोळताच ते पुन्हा हालू लागले आहे, असे तिला दिसले. जाग आली तेव्हा बाळ नव्हते. हे स्वप्न तिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले.

आता थोडे दूर जाऊ. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तंबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यातून निघालेले वायू आणि धूळ आकाशात उंच पसरली. सूर्याची उष्णता कमी पोचू लागली. त्यामुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा जाणवलाच नाही. पावसाने आणि थंडीने पिके बुडाली. त्याच वर्षी पर्सी, मेरी आणि त्यांचा तान्हा मुलगा विल्यम स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी राहायला आले. शेजारच्या बंगल्यात प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन आणि त्याचा डॉक्टर पॉलिडोरी राहत होते.

बाहेर विजा कडाडत आणि पाऊस थांबत नसे. मग ही मंडळी शेकोटीभोवती बसून भुतांच्या गोष्टी वाचत. एका रात्री बायरनने सुचवले की, प्रत्येकाने एकेक भयकथा लिहावी. सगळे लिहायला लागले. मेरीला मात्र काही सुचेना. रोज सकाळी इतर जण तिला विचारीत आणि रोज तिला नकार द्यावा लागे.

त्या काळी विजेची मोठी चर्चा होती. विजेचा स्पर्श होताच मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो, हे इटलीच्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने दाखवले होते. त्याच्या भाच्याने, आल्डिनीने, १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतावर तसाच प्रयोग केला होता. प्रेताचा जबडा हालला आणि एक डोळा उघडला. मेलेले शरीर जिवंत करता येईल काय, यावर एका रात्री बायरन आणि पर्सी बोलत होते. मेरी गप्प बसून ऐकत होती. त्या रात्री तिला झोप आली नाही. मिटल्या डोळ्यांपुढे तिला एक विद्यार्थी दिसला. प्रेतांचे अवयव जोडून त्याने एक देह बनवला होता. तो देह हालला आणि त्याचा निर्माता घाबरून पळाला. मेरीला आपली गोष्ट सापडली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेरी आणि पर्सी यांचे लग्न झाले. १ जानेवारी १८१८ रोजी 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. प्रती फक्त ५०० होत्या आणि त्यांवर लेखिकेचे नाव नव्हते. ती एखाद्या पुरुषाने, बहुधा पर्सीनेच लिहिली असावी, असे अनेकांना वाटले.

मुलांनो, दादी-नानीकडून तुम्ही जिनांच्या आणि भुतांच्या गोष्टी ऐकल्या असतील. पण मेरीची गोष्ट त्यांहून वेगळी आहे. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव नव्हे. ते त्याला बनवणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आहे. राक्षसाला नावच नाही. जन्म देणाऱ्याने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि तो पळून गेला. मग नाव ठेवणार कोण? हा राक्षस जन्मतः दुष्ट नसतो. तो एका गरीब कुटुंबाच्या झोपडीशेजारी लपून राहतो. रात्री जंगलातून लाकडे आणून गुपचूप त्यांच्या दाराशी ठेवतो. त्या घरी सफी नावाची एक मुलगी येते. तिचे वडील तुर्की व्यापारी आणि आई अरब असते. तिला त्या घरची भाषा येत नाही. घरातली माणसे तिला एकेक शब्द शिकवतात. भिंतीच्या फटीतून ऐकत राक्षसही तिच्याबरोबर बोलायला आणि वाचायला शिकतो.

भाषा आली म्हणजे माणसे आपल्याला जवळ करतील, अशी त्याला आशा वाटते. घरातला म्हातारा आंधळा असतो. राक्षस त्याच्याशी बोलतो तेव्हा म्हातारा त्याच्याशी मायेने वागतो. इतक्यात घरची इतर माणसे येतात. त्यांना डोळे असतात. ती त्याचा चेहरा पाहतात आणि त्याला मारून हाकलून देतात. जगाने असे झिडकारल्यावर मात्र तो सूड घेऊ लागतो. तो आपल्या निर्मात्याच्या लहान भावाचा, मित्राचा आणि नववधूचा जीव घेतो. हे गुन्हे भयंकर आहेत आणि मेरीने ते झाकलेले नाहीत. पण पहिली चूक कोणाची, हा प्रश्न वाचकाच्या मनातून जात नाही.

मेरीच्या आयुष्यात दुःखे थांबली नाहीत. १८१८ साली तिची मुलगी क्लारा व्हेनिसमध्ये वारली. १८१९ साली छोटा विल्यम रोममध्ये वारला. ८ जुलै १८२२ रोजी इटलीच्या समुद्रात होडी बुडून पर्सीचा मृत्यू झाला. चोविसाव्या वर्षी मेरी विधवा झाली. चार मुलांपैकी एकच मुलगा, पर्सी फ्लॉरेन्स, उरला होता. त्याला घेऊन ती १८२३ साली इंग्लंडला परतली. सासऱ्याकडून मिळणारी रक्कम थोडी होती. मेरीने लेखणीवर संसार चालवला आणि मुलाला शिकवले. महामारीने मानवजात संपते, अशी 'द लास्ट मॅन' ही कादंबरी तिने १८२६ साली प्रसिद्ध केली. पतीच्या कविता संपादित करून छापल्या. 'फ्रँकेन्स्टाइन'वर तिचे नाव १८२३ च्या आवृत्तीपासून आले. १ फेब्रुवारी १८५१ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लंडनमध्ये तिचे निधन झाले.

१९१० साली या कादंबरीवर पहिला मूकपट निघाला. १९३१ च्या बोलपटात बोरिस कार्लॉफ या नटाने राक्षसाची भूमिका केली. चपटे डोके आणि मानेत खिळे हे रूप त्या चित्रपटाने दिले. ते पुस्तकात नाही. त्या चित्रपटातला राक्षस नुसता गुरगुरतो. मेरीचा राक्षस मात्र बोलतो. आपले दुःख तो नीट, समजेल अशा शब्दांत सांगतो.

आईविना वाढलेल्या आणि स्वतःचे मूल गमावलेल्या मेरीला ते शब्द ठाऊक होते. तिची गोष्ट वाचताना आधी आपल्याला राक्षसाची भीती वाटते. मग हळूहळू दुसरीच भीती वाटू लागते. एखाद्याचा चेहरा पाहून आपणही त्याला कधी असेच दारातून हाकलले तर नाही ना?