ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र द्यावे असा प्रघात आहे. प्रस्तुत पुरुषास संतपद मिळालेले नाही. तथापि आपण मराठी कॅथलिक जन ज्या भाषेत प्रार्थना करतो, त्या भाषेत प्रभू येशूची समग्र कथा ज्यांनी ओवीबद्ध केली, त्यांचे ऋण आपणांवर थोर आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन नामक खेड्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत त्या देशी मिस्सा अर्पिणे हा अपराध ठरला होता. तरुण स्टीफन्स हे थॉमस पाउंड नामक एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाच्या सेवकाचा वेष घेऊन त्याजबरोबर हिंडत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा असे योजिले होते. परंतु पाउंड पकडला गेला व त्याच्या आयुष्याची सुमारे ३० वर्षे बंदिवासात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ साली संघात दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांच्या ताफ्यासह निघून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. पुढे सुमारे अडीच आठवड्यांनी त्यांनी वडिलांस जे पत्र लिहिले, ते इंग्लंडात छापले गेले. धर्मगुरूच्या पत्रात उपदेशच असावयाचा असे कोणासही वाटेल. पण या पत्रात वारे आहेत, समुद्रपक्षी व मासे आहेत, खलाशांच्या हिरड्या सुजविणारा रोग आहे, ताडामाडाची पेये आहेत. आणि जहाजावरील मुले तो प्रवास मोठ्या माणसांपेक्षा अधिक सहजपणे सोसतात याचे कौतुकही आहे. डोळ्यांपुढे जे आले ते प्रेमाने पाहावयाचे, हा त्यांचा स्वभाव होता, आणि माझ्या मते त्यांच्या काव्याचे बीज याच स्वभावात आहे.

गोव्याच्या सासष्टी भागात त्यांनी आयुष्याची सुमारे ४० वर्षे वेचली. तो काळ शांततेचा नव्हता. तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने आधीच पाडली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधू मारले गेले, आणि पुढे त्या गावच्या प्रमुखांस विश्वासाने बोलावून नेऊन पोर्तुगीजांनी ठार केले. ज्या मनुष्याने आपला धर्म राजसत्तेच्या धाकाने लपविलेला पाहिला, त्याने येथे तीच सत्ता आपल्या धर्माच्या बाजूने उभी पाहिली. यावर त्यांच्या मनात काय आले असेल ते ईश्वर जाणे. त्याच वर्षाच्या अखेरीस काही इंग्रज व्यापारी गोव्यात तुरुंगात पडले, तेव्हा आपल्या धर्माला पारख्या झालेल्या त्या देशबांधवांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली, एवढे मात्र नमूद आहे.

येथील भाषांवर त्यांचा जीव जडला. त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, हे त्यांनी १५८३ सालीच आपल्या भावास कळविले होते. पैठणास एकनाथ महाराज हयात होते त्या दिवसांत हा इंग्रज मनुष्य सासष्टीत बसून मराठी ओवी आत्मसात करीत होता.

ग्रंथरचनेचे निमित्त स्वतः स्टीफन्स यांनीच ग्रंथारंभी सांगितले आहे. मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एका बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणाने पाद्रीगुरूंस विनविले, की जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, ते ठीक. पण त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? आपल्या वऱ्हाडात चातुर्मासात पोथी लावण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या प्रश्नाचे दुःख समजावून सांगावयास नको. घरातली पोथी गेली आणि संध्याकाळ रिकामी राहिली. ती रिकामी करणारे आपलेच लोक होते, हे कबूल केले पाहिजे. स्टीफन्स यांनी त्या मनुष्यास श्रद्धा उणी म्हणून दटावले नाही. त्यांनी पुराण लिहावयास घेतले.

ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापले गेले. त्यात दोन भाग, ९५ अवस्वरू म्हणजे अध्याय, व १०,९६२ ओव्या आहेत. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले. मराठीची थोरवी वर्णिताना दाखले घेतले ते मोगरीचे, कस्तुरीचे, मोराचे. जुन्या कवींचे कठीण शब्द सामान्य जनांस कळत नाहीत म्हणून ते पुष्कळ गाळले आणि बोलीतले सोपे शब्द मिसळले, असा खुलासाही त्यांनी केला आहे. पंडितांची वाहवा मिळविण्याची ज्याची योग्यता होती, त्याने ती सोडून देऊन शेतकऱ्याच्या कानाचा विचार केला. आम्हां सेमिनरीत शिकलेल्यांस हे साधणे कठीणच जाते.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. हा ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, कारण देशी लिपीचे खिळे नव्हते. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांस पत्र लिहून, या लिपीस ६०० पर्यंत साचे लागतात पण ते २०० वर आणता येतील, असा हिशेबच मांडला होता. त्या विनंतीचे फळ त्यांस दिसले नाही.

१६१९ साली गोव्यात त्यांचा अंत झाला. मुलांना शिकविण्यासाठी कोकणीत रचलेले त्यांचे प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली, आणि त्या भाषेचे व्याकरण १६४० साली छापले गेले. नंतर १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषाच टाकावी असे फर्मान काढले. परंतु पुराण घरोघरी हस्तलिखितांत व मुखी राहिले होते. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरास ते पुन्हा छापविले ते हस्तलिखितांवरूनच, आणि तेही रोमन लिपीत. पुढे लंडनमध्ये देवनागरी हस्तलिखिताचा शोध लागला. अखेर १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले. पहिल्या छपाईपासून तोवर ३४० वर्षे लोटली होती.