कर्नल सी. के. नायडू : रंगत आणि शिस्त



उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अशाच एका स्पर्धेचा जमाखर्च माझ्याकडे असतो. यंदा बाहेरून आलेल्या एका फलंदाजाने धावबाद दिल्याचा राग धरून यष्ट्या लाथेने उडवल्या आणि पंचांच्या अंगावर धावून गेला. पंच म्हणजे आमच्याच शिवारातले वयस्कर गृहस्थ, कसलाही मोबदला न घेता दिवसभर उन्हात उभे राहणारे. त्यांना सगळ्यांसमोर नको ते ऐकून घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी मात्र त्या फलंदाजाला पाहायला दुप्पट गर्दी झाली.

आता पुढच्या वर्षी त्याला बोलवायचे की नाही, यावर मंडळात दोन तट पडले आहेत. तरुण मुले म्हणतात, असे खेळाडू असले की लोक येतात, बक्षिसांना देणगीदार मिळतात. माझा नातूही त्याच बाजूचा आहे. टीव्हीवर बघा आजोबा, भांडणारे खेळाडूच जास्त चालतात, असे त्याचे म्हणणे. वडीलधारी मंडळी म्हणतात, पंचाचा मान गेला तर स्पर्धा हवी कशाला?

या वादात मला एका माणसाची आठवण झाली. आमच्या लहानपणी कोणी उंच फटका मारला की जुनी मंडळी त्याला सी. के. म्हणायची. आजच्या मुलांना हे नाव फक्त एका करंडकापुरते ठाऊक आहे. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगतो.

कोट्टारी कनकैय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू भाषिक, पण नागपुरात स्थिरावलेले. शिक्षण नागपुरातच झाले. पुढे होळकरांनी त्यांना इंदूरला नेले, संस्थानच्या फौजेत हुद्दा दिला आणि नायडू कायमचे इंदूरचे झाले. कर्नल ही पदवी तिथलीच. घरची भाषा एक, जन्मगावची दुसरी आणि नाव झाले ते मराठी राजाच्या पदरी. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना यात नवल वाटू नये.

त्या काळी मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा फार गाजत असे. १९१६ साली नायडू हिंदू संघातून पहिल्यांदा खेळले. संघ अडचणीत असताना ते खेळायला आले. पहिले काही चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि त्यानंतर खाते उघडले ते थेट षटकाराने. उंच, सडपातळ, ताठ कण्याचा हा तरुण पुढची चाळीस वर्षे तसाच खेळत राहिला.

त्यांची सर्वांत गाजलेली खेळी १ डिसेंबर १९२६ ची. आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ इंग्लंडहून आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या गाय अर्ल यांनी आठ षटकार मारून शतक ठोकले होते. साहेबाच्या ताकदीपुढे आपले काय चालणार, असे वाटावे अशी ती स्थिती. दुसऱ्या दिवशी नायडू खेळायला आले आणि त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यात ११ षटकार होते. एक चेंडू जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. बातमी शहरात पसरली, तशी माणसे कामधाम सोडून मैदानाकडे धावली. झाडांवर, आसपासच्या छपरांवर गर्दी झाली असे जुने लोक सांगत. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदुस्थानचा संघ कसोटी खेळण्याच्या लायकीचा आहे, अशी खात्री त्या दौऱ्याने पटवली आणि डिसेंबर १९२८ मध्ये आपल्या क्रिकेट बोर्डाची स्थापना झाली.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. त्या दिवशी लोक धावत गेले ते भांडण बघायला नव्हे, खेळ बघायला. परक्या राज्यकर्त्याचा चेंडू आपला माणूस छपरावर पाठवतो, यातच सगळी रंगत होती. त्यासाठी नायडूंना कोणाला शिवी द्यावी लागली नाही.

१९३२ साली भारतीय संघ पहिल्यांदा अधिकृत कसोटी खेळायला इंग्लंडला गेला. कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार म्हणून लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी नेमले गेले होते. संस्थानिकांचाच मान मोठा मानण्याचा तो काळ. पण आपण त्या दर्जाचे खेळाडू नाही, हे पोरबंदरच्या महाराजांना प्रामाणिकपणे ठाऊक होते. उपकर्णधारही कसोटीत खेळू शकले नाहीत आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून नायडू मैदानात उतरले. आदल्या रात्री काही खेळाडूंनी त्यांच्या हाताखाली खेळायला खळखळ केली आणि महाराजांना ती मोडून काढावी लागली, असे सांगतात. म्हणजे पहिल्या कसोटीपासूनच आपल्याकडे हा रोग होता.

त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली. तरीही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना आपण १५८ धावांनी हरलो, पण नाव कमावले. बर्मिंगहॅमच्या मैदानावर त्यांनी मारलेला एक षटकार शेजारची नदी ओलांडून पलीकडच्या काउंटीत गेला, ही कथा आजही सांगितली जाते. १९३३ च्या विस्डेन वार्षिकाने त्यांना वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंत स्थान दिले.

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईत भारतातली पहिली कसोटी झाली. समोर डग्लस जार्डिन यांचा इंग्लंड संघ होता. दुसऱ्या डावात बावीस वर्षांच्या लाला अमरनाथांनी ११८ धावा केल्या. भारतीय संघातर्फे झळकलेले हे पहिले कसोटी शतक. दुसऱ्या टोकाला कर्णधार नायडू ६७ धावा करून साथ देत होते. दोघांची भागीदारी १८६ धावांची. मैदानात लोकांनी नुसता जल्लोष केला. या दोन नावांची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

१९३६ चा इंग्लंड दौरा हा आपल्या क्रिकेटमधला सर्वांत कटू अध्याय. कर्णधारपद नायडूंना मिळाले नाही. ते गेले विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे विझींकडे. पैसा आणि वशिला भरपूर, खेळ जेमतेम. संघात गट पडले. कसोटीपूर्वीच्या एका सामन्यात अमरनाथांना पॅड बांधून ताटकळत बसवले आणि त्यांच्याआधी दुसऱ्यांना पाठवले. ऐन बहरात असलेला तो तरुण भडकला, परत आल्यावर खोलीत सामान आपटले आणि तोंडाला येईल ते बोलला. बेशिस्तीचा आरोप ठेवून त्याला बोटीने मायदेशी पाठवण्यात आले. दौऱ्यातला उत्तम खेळाडू पहिल्या कसोटीआधीच घरी परतला.

पुढची गोष्ट आणखी लाजिरवाणी. मँचेस्टरला सलामीला गेलेल्या मुश्ताक अलींना विझींनी साथीदार विजय मर्चंट यांना धावबाद करायला सुचवले. मुश्ताकनी ते मर्चंटनाच सांगून टाकले. दोघे हसले आणि दोघांनीही शतके ठोकून २०३ धावांची सलामी दिली. तिसऱ्या कसोटीत बाका जिलानी यांना संघात घेतले गेले. सकाळच्या नाश्त्याच्या वेळी चारचौघांत नायडूंचा अपमान केल्याचे ते बक्षीस होते, असे क्रिकेटच्या इतिहासात नोंदले गेले आहे. नायडूंनी त्याला उत्तर तोंडाने दिले नाही. त्याच कसोटीत गबी अ‍ॅलन यांचा वेगवान चेंडू त्यांच्या छातीवर बसला. तरीही ते उभे राहिले आणि ८१ धावा करून गेले. कसोटीतली ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या आणि शेवटची खेळीही. नंतर चौकशी समिती बसली. तिने विझींच्या नेतृत्वावर ताशेरे ओढले आणि अमरनाथांना दोषमुक्त केले.

नायडू म्हणजे संत होते असे मी म्हणणार नाही. त्यांचा स्वभाव करडा. सहजासहजी मिसळणारे नव्हते. तरुण खेळाडू त्यांना घाबरत. १९३६ मध्ये ते सहकाऱ्यांपासून फटकून राहिले, अशीही टीका झाली आणि तिच्यात तथ्य असावे. ज्येष्ठ माणूस गप्प बसून बाजूला राहिला तर संघ सावरत नाही, हे आपण संस्था चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पण त्या कडकपणाचे फळ इंदूरला दिसले. नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुंबईच्या बलाढ्य संघाला टक्कर देणारा संघ म्हणजे होळकर. त्यात मुश्ताक अली, चंदू सरवटे, आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर अशी मंडळी होती. चेंडू लागला तरी जागा चोळायची नाही, दुखणे प्रतिस्पर्ध्याला दाखवायचे नाही, असा नायडूंचा दंडक. पोरवयात त्यांनीच हेरलेले मुश्ताक अली तर इतके लोकप्रिय झाले की त्यांना वगळल्यावर कोलकात्याच्या प्रेक्षकांनी निदर्शने केली आणि निवड समितीला निर्णय बदलावा लागला. मुश्ताक पुढे सरसावून वाटेल तसे फटके मारत. तेही रंगेल खेळाडूच, पण त्यांनी कधी कोणाचा अपमान केला नाही.

नायडू स्वतःही तो दंडक पाळत. १९५१-५२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईचे दत्तू फडकर गोलंदाजी करत होते. हेही मूळचे कोल्हापूरचे. त्यांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर आदळला आणि दोन दात पडले. वय ५६. नायडूंनी दात खेळपट्टीवरून बाजूला सारले, मैदान सोडायला नकार दिला आणि फडकरांना तसाच चेंडू पुन्हा टाकायला सांगितले. त्या डावात ६६ धावा काढूनच ते परतले.

वयाच्या बासष्टाव्या वर्षातही ते उत्तर प्रदेशातर्फे रणजी खेळले आणि एका डावात ८४ धावा केल्या. अडुसष्टाव्या वर्षी मदतनिधीसाठीच्या सामन्यात शेवटचे मैदानात उतरले. प्रथम श्रेणीत त्यांच्या ११ हजारांहून अधिक धावा आणि ४०० हून अधिक बळी आहेत. कसोटी सामने मात्र फक्त सात. पद्मभूषण मिळाले. १९४१ साली एका औषधाच्या जाहिरातीत त्यांचे नाव झळकले होते. जाहिरातीसाठी करारबद्ध झालेले ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. म्हणजे नाव विकायला भांडावे लागत नाही, हे तेव्हाही सिद्ध झाले होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले.

आता माझ्या नातवाच्या मुद्द्याकडे येतो. तो मला पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांचे उदाहरण देतो. १९५८ आणि १९६४ साली बिलियर्ड्समध्ये जगज्जेते झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. तरी बिलियर्ड्स लोकांपर्यंत पोहोचले नाही. उलट इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक्स हिगिन्स नावाचा भांडखोर खेळाडू स्नूकरला गर्दी खेचून गेला. उदाहरण खरे आहे. पण बिलियर्ड्सचे टेबल आपल्याकडे क्लब आणि जिमखान्यांच्या बंद दारांआड होते. सामान्य माणसाला ते पाहायलाच मिळाले नाही. त्यात जोन्स यांच्या सभ्यपणाचा काय दोष? इंग्लंडमध्ये स्नूकर टीव्हीवरून घराघरांत गेला, म्हणून हिगिन्स लोकांना दिसला. आणि १९८६ मध्ये त्याने स्पर्धेच्या एका अधिकाऱ्याला डोक्याने धडक दिली, तेव्हा त्याला दंड आणि बंदी दोन्ही झाली. त्यात खेळाचाच तोटा झाला. नायडूंचा खेळ उघड्या मैदानावर होता, आपल्या चांगळेश्वरी यात्रेतल्या कुस्त्यांसारखा. जो येईल त्याला दिसणारा.

बँकेत जमा आणि नावे हे दोन रकाने वेगळे ठेवायची सवय लागली. रंगत जमेच्या बाजूला, बेशिस्त नावे. एका दिवसाची गर्दी बघून दोन्ही एकत्र मांडले की हिशेब चुकतो. बेशिस्तीने दुसऱ्या दिवशी गर्दी वाढते, हे मी पाहिले आहे. पण पंच म्हणून उभे राहायला पुढच्या वर्षी कोणी पुढे येणार नाही, हा खर्च तेव्हा वहीत दिसत नाही.

त्याचबरोबर रागाच्या एका क्षणासाठी माणूस कायमचा बाद करू नये, हेही १९३६ ने शिकवले. क्रिकेट बोर्डाने १९९४ साली नायडूंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो पहिल्यांदा कोणाला मिळाला? बेशिस्तीच्या आरोपावरून घरी पाठवलेल्या लाला अमरनाथांना.

म्हणून मंडळाच्या सभेत मी असे मांडणार आहे. त्या फलंदाजाला पुढच्या वर्षी जरूर बोलवावे. मात्र खेळायला उतरण्याआधी त्याने मैदानावर सर्वांसमोर पंचांची माफी मागावी. ते कबूल नसेल तर त्याच्याशिवाय स्पर्धा घ्यावी. देणगी कमी पडली तर वर्गणीसाठी घरोघरी मी स्वतः फिरेन.