गाळाला कामाला लावणारा रसायनशास्त्रज्ञ

कागद गिरणीचे तपकिरी सांडपाणी आहे तसे नदीत सोडले, तर त्यातील सेंद्रिय द्रव्यावर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवून टाकतात. मग मासे गुदमरतात. जिवाणूंचे हेच काम नदीऐवजी टाकीत, बाहेरून हवा पुरवून करून घ्यायचे, हे ‘सक्रिय गाळ’ पद्धतीचे सूत्र. ती ज्यांच्या सूचनेतून उभी राहिली, ते गिल्बर्ट जॉन फाउलर (१८६८–१९५३).

फाउलर हे इंग्लंडमधील मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ. कापड गिरण्यांच्या या शहरात मैलापाण्याचा प्रश्न बिकट होता. तेव्हा हे पाणी दगडगोट्यांच्या गाळणथरांतून झिरपवत. त्याला जागा फार लागे. १९१२ मध्ये न्यूयॉर्क बंदराच्या प्रदूषणासंबंधी सल्ला देण्यासाठी फाउलर अमेरिकेला गेले. तेथे मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स प्रयोग केंद्रात त्यांनी मैलापाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहिले. परतल्यावर त्यांनी एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या सहकाऱ्यांना तसेच प्रयोग करायला सुचवले.

बाटलीतल्या मैलापाण्यात हवा सोडत राहिले, तर ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागत. एवढा वेळ कोणत्या शहराला परवडणार? पण वरचे स्वच्छ पाणी काढून तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी ओतले, तेव्हा वेळ कमी होऊ लागला. दर फेरीला गाळ वाढला, त्यातले जिवाणू वाढले आणि अखेर आठवड्यांचे काम तासांवर आले. ज्याची विल्हेवाट लावायची, तो गाळच कामाचा निघाला! ३ एप्रिल १९१४ रोजी हा शोध मँचेस्टरमध्ये मांडला गेला. निबंधावर नावे होती आर्डर्न आणि लॉकेट यांची.

फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. पुढे कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेचे ते प्राचार्य झाले. मैल्यातील नायट्रोजन वाया न घालवता खत म्हणून शेताला परत द्यावा, हा विचार त्यांनी येथे धरून ठेवला. नायट्रोजन जपण्याच्या जीवरसायनशास्त्रावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

कागद गिरणीत मात्र गोष्ट उलटी असते. मैलापाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर. लगद्याच्या पाण्यात कार्बन मुबलक, पण ही दोन पोषकद्रव्ये अपुरी. त्यामुळे हवेच्या टाकीत युरिया आणि फॉस्फेट घालून जिवाणूंचे पोट भरावे लागते. लाकडातले लिग्निन मात्र त्यांना सहज पचत नाही. म्हणून प्रक्रियेनंतरही पाण्यात तपकिरी झाक उरते. ऑक्सिजन खाणारे द्रव्य बहुतांशी गेलेले असते, रंगासाठी वेगळा उपाय करावा लागतो. पाणी नुसते डोळ्यांनी पाहून ते शुद्ध की अशुद्ध हे ठरवता येत नाही, ते यामुळेच.