कथबर्ट हीथ आणि सॅन फ्रॅन्सिस्कोचे विमेदार

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी सॅन फ्रॅन्सिस्को शहर भूकंपाने हादरले. धक्का सुमारे मिनिटभराचा होता. पाठोपाठ भडकलेली आग मात्र तीन दिवस धुमसत राहिली. पाण्याचे नळ जमिनीखाली तुटून गेले होते आणि अग्निशामक दलाचा प्रमुख आरंभीच प्राणांतिक जखमी झाला होता. सुमारे अठ्ठावीस हजार इमारती भस्मसात झाल्या व चार लाख वस्तीच्या त्या नगरीतील निम्म्याहून अधिक लोक उघड्यावर आले. मृतांचा अधिकृत आकडा त्या काळी पाचशेच्या आतच ठेवण्यात आला. पुढे झालेल्या संशोधनाने तो तीन हजारांच्या वर नेला.

उघड्यावर आलेल्या या लोकांपैकी बहुतेकांच्या हाती आशेचा एकच धागा होता, तो म्हणजे विम्याचा कागद. आणि पुष्कळांचा तर तोही घराबरोबर जळून गेला होता. विमा होता आगीचा. कंपन्यांच्या जाहिरातींतून भांडवलाचे व गंगाजळीचे आकडे ठळक टाइपात झळकत असत. करारपत्रातील बारीक अक्षरे वाचण्याची तसदी घर घेताना किंवा दुकान थाटताना सहसा कोणी घेत नाही, आणि विकणारा दलालही ती मुद्दाम वाचून दाखवीत नाही. त्या बारीक अक्षरांत काय दडले होते, ते आता बाहेर येऊ लागले. काही कंपन्यांच्या करारांत भूकंपामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष उद्भवलेल्या आगीची जबाबदारी स्पष्टपणे नाकारलेली होती. इतर अनेकांत असे कलम होते की, इमारत किंवा तिचा महत्त्वाचा भाग आगीखेरीज अन्य कारणाने कोसळला, तर त्या क्षणी विमा संपुष्टात यावा. म्हणजे प्रश्न असा उभा राहिला की, घर आधी पडले की आधी जळले? राखेच्या ढिगाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने हे सिद्ध कसे करावयाचे?

या पेचातून दोन्ही बाजूंनी असत्याला ऊत आला, हे मान्य केले पाहिजे. आगीची भरपाई मिळेल, भूकंपाची मिळणार नाही, हे ध्यानात आल्यावर काही घरमालकांनी आपली भेगाळलेली घरे स्वतःच पेटवून दिली. शहरातील व्यापाऱ्यांनीही भूकंपाचे नाव मागे टाकून जगासमोर केवळ आगीचा डंका पिटला. पण बेघर झालेल्या माणसाचे असत्य आणि वकिलांची फौज बाळगणाऱ्या संस्थेचे असत्य एकाच तराजूत कसे तोलावे? कित्येक कंपन्यांनी प्रत्येक दाव्यातून सरसकट चौथा हिस्सा कापून घेण्याचा प्रस्ताव मांडला. पाऊण डॉलरला अमेरिकन बोलीत 'सहा बिट' म्हणतात, त्यावरून अशा कंपन्यांना तेथील जनतेने 'सहा-बिटवाल्या' हे नावच देऊन टाकले. तंबूत राहणाऱ्या कुटुंबाला पाऊण रक्कम आज घ्यावी की पूर्ण रकमेसाठी न्यायालयात वर्षे घालवावीत, हे ठरविण्यास फारसा अवधी नसतो. कापून घेणाऱ्यांचा हिशेब याच अगतिकतेवर उभा होता. शिकागोची एक कंपनी या आपत्तीत बुडालीच. सॅन फ्रॅन्सिस्कोच्याच एका कंपनीने निम्मी रक्कम रोख दिली व उरलेल्या निम्म्याबद्दल स्वतःचे समभाग हाती ठेवले.

या गदारोळात लंडनहून एक तार येऊन पोहोचली. लॉइड्स येथील विमा-व्यावसायिक कथबर्ट हीथ यांनी आपल्या प्रतिनिधीस आज्ञा केली होती की, करारातील अटी काहीही असोत, आपल्या सर्व विमेदारांना पूर्ण रक्कम अदा करावी. एका वाक्याची ती तार विम्याच्या इतिहासात अजरामर झाली आहे. ती पाठविणाऱ्या माणसाचे चरित्र मात्र आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही.

हीथ यांचा जन्म १८५९ चा. वडील ब्रिटिश नौदलातील अधिकारी, पुढे अ‍ॅडमिरल झालेले. मुलगेही सैन्यात व नौदलात नाव काढणारे निघाले. कथबर्ट यांच्या वाट्याला मात्र बालपणीच बहिरेपण आले आणि नौदलाचे दार बंद झाले. १८७७ मध्ये, अठराव्या वर्षी, ते लॉइड्समध्ये शिरले. लॉइड्स ही कंपनी नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक व जोखीम घेणारे सावकार एकत्र जमत. त्यातून वाढलेली ही विम्याची बाजारपेठ. तेथील सभासद आपापल्या नावावर जोखीम घेई आणि त्या जोखमीला स्वतःच्या सर्व मालमत्तेनिशी बांधलेला असे. धंदा जवळजवळ सर्वस्वी सागरी. जमिनीवरील आगीकडे पाहण्याचीही तेथे प्रथा नव्हती.

वडिलांकडून घेतलेल्या कर्जाऊ भांडवलावर हीथ यांनी स्वतःच्या नावाने जोखीम घ्यावयास प्रारंभ केला आणि थोड्याच वर्षांत ही प्रथा मोडली. वडील 'हँड-इन-हँड' या जुन्या अग्निविमा संस्थेचे संचालक होते. तिच्या जोखमीतला वाटा १८८५ मध्ये हीथ यांनी पुनर्विम्याच्या रूपाने आपल्या शिरावर घेतला. पुढे घरफोडीचा विमा मिळेल काय, अशी पृच्छा एका दलालाने केली, तेव्हा हीथ यांना त्यात अशक्य असे काही दिसले नाही आणि १८८९ पासून तोही सुरू झाला. जवाहिऱ्यांचा माल, चक्रीवादळे, भूकंप असे एकेक क्षेत्र त्यांनी विम्याच्या कक्षेत आणले. ज्येष्ठ सभासदांना हा सारा जुगार वाटे. परंतु हीथ जुगारी नव्हते. पूर्वी कोठे, किती वेळा, केवढे नुकसान झाले याच्या नोंदी ते चिकाटीने गोळा करीत आणि त्यांवरून हप्त्याचा दर ठरवीत.

म्हणूनच त्या तारेला निव्वळ औदार्य म्हणून चालणार नाही. हीथ व्यापारी होते. आपली पत हेच आपले भांडवल, हे ते जाणून होते. जहाज बुडाल्याची वार्ता आली की कुरबूर न करता पैसे मोजावयाचे, ही लॉइड्सच्या सागरी धंद्यातील रीत त्यांनी जमिनीवर आणली. विमेदाराने हप्ता भरताना काय विकत घेतल्याचे समजले होते, यावर त्यांनी आपली देणी ठरविली. वकिलाला कलमातून काय काढून दाखविता येईल, यावर नव्हे. अमेरिकेत लॉइड्सची पत त्यानंतर वाढली व धंदाही वाढला. सचोटीचा लाभ झाला म्हणून सचोटीचे मोल कमी होत नाही, असे आम्हांस वाटते.

अधिक महत्त्वाची गोष्ट त्या तारेइतकी गाजलेली नाही. द्यावयाची इच्छा असूनही तिजोरी रिकामी असेल, तर विमेदाराच्या पदरी काय पडणार? विसाव्या शतकाच्या आरंभी बर्नंड नावाच्या एका सभासदाचे दिवाळे निघाले आणि लॉइड्सच्या नावामागे प्रत्यक्षात किती पैसा उभा आहे, हे बाहेरच्या माणसास कळण्याचा मार्गच नाही, हे उघडकीस आले. प्रत्येक सभासदाचे हिशेब दरवर्षी तपासले जावेत, असा आग्रह हीथ यांनी धरला. प्रतिष्ठितांच्या मंडळात अशी मागणी म्हणजे अविश्वासाचा ठराव! विरोध झाला, परंतु १९०८ मध्ये ही हिशेबतपासणी मान्य झाली. भूकंपाच्या अनुभवातून त्यांनी पुनर्विम्याचा नवा प्रकारही रूढ केला. एका आपत्तीतील ठराविक रकमेपर्यंतचे नुकसान मूळ कंपनीने सोसावे आणि त्यावरचा भार, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, पुनर्विमा देणाऱ्याने उचलावा. एखादे शहरच्या शहर जळाले तरी कंपनी बुडू नये व विमेदारांना पूर्ण पैसे मिळावेत, अशी ती योजना आजही जगभर चालते.

एका सज्जनाच्या तारेवर लाखो विमेदारांचे भवितव्य सोपविता येत नाही, हे कॅलिफोर्नियाने ओळखले आणि १९०९ मध्ये अग्निविम्याच्या कराराचा मसुदाच कायद्याने ठरवून दिला. आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. कोयना १९६७ मध्ये आणि किल्लारी १९९३ मध्ये हादरले. असे असूनही आपल्या प्रमाणित अग्निविम्यात भूकंपाचे संरक्षण जादा हप्ता भरूनच घ्यावे लागे. राहत्या घरांच्या प्रमाणित विम्यात ते मुळातच अंतर्भूत झाले १ एप्रिल २०२१ पासून. जाहिरातींनी दिशाभूल करू नये, यासाठी विमा नियामक प्राधिकरणाचे नियम २००० सालापासून आहेत. तथापि कर्ज काढून घर बांधणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला आपल्या पॉलिसीत कोणत्या आपत्ती बसतात, हे विचारून पाहावे. कर्जाच्या कागदांबरोबर सही झालेली ती पॉलिसी बहुधा कपाटातून बाहेरच आलेली नसते.

पहिल्या महायुद्धात जर्मन झेपेलिन विमाने लंडनवर बॉम्ब टाकू लागली, तेव्हा हीथ यांनी शहराचा नकाशा पुढ्यात घेऊन कोणत्या भागाला किती धोका, याचा अदमास बांधला आणि हवाई हल्ल्याचा विमा विकला. सरे परगण्यातील आपले अ‍ॅन्स्टी ग्रेंज हे घर त्यांनी जखमी अधिकाऱ्यांच्या इस्पितळासाठी दिले होते. १९३९ च्या मार्चमध्ये, वयाची ऐंशी वर्षे पुरी होण्यास थोडे दिवस उरले असता, ते निधन पावले. दुसरे महायुद्ध त्यानंतर सहा महिन्यांनी सुरू झाले.