इरावती कर्वे : कवटीपासून कोयनेपर्यंत

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथील नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास हुजूरपागेत धाडण्यात आले.

१९२८ साली त्या संशोधनासाठी बर्लिन विद्यापीठात गेल्या. पती दिनकररावांचा त्यास पाठिंबा होता, सासरे महर्षी कर्वे यांचा मात्र विरोध. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनी सुनेला अडवावे, हे नवलच. बर्लिनमध्ये मार्गदर्शक लाभले ते ऑयगेन फिशर. युरोपीय वंशाच्या श्रेष्ठत्वावर त्यांची श्रद्धा. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेत त्या श्रेष्ठत्वाचा पुरावा मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशानुसार भेद काही आढळेना. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध, त्यांनी प्रबंधात तसेच नमूद केले. १९३० साली डॉक्टरेट मिळाली.

१९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज ही त्यांची कर्मभूमी. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. ‘युगान्त’ तर घरोघरी पोहोचले. कोयना धरणाने उठवलेल्या गावकऱ्यांचे पुढे काय झाले, याची पाहणी मात्र फारशी कोणाच्या वाचनात नाही. कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली ती पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये इरावतीबाई निवर्तल्या.